नाटकाचा उपास

मोरीतल्या बादलीवर मग आपटला आणि मोनालीला जाग आली.

लाइट गेलेली होती. एरवी पंख्याच्या घरघरीत विरून जाणारा तो एवढासा आवाज बंद घरात चांगला मोठा वाटला आणि मग पुन्हा सगळं चिडीचूप झालं. शेजारी पाच वर्षांची प्रेरणा आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपली होती. मोनालीनं ते हळूच सोडवलं आणि अर्धवट लोटलेल्या दारातून मागं पाहिलं.

मोरीत सासूबाई बसल्या होत्या. उजाडायला अवकाश होता म्हणून मोबाइलची बॅटरी लावून तो भिंतीला टेकवून ठेवला होता. समोर आदल्या रात्री नाटकाला नेसलेलं मोतिया पातळ. सत्यभामाबाईंची धुणं धोपटायची सवय साऱ्या गल्लीला माहीत होती. त्यांचा आवाज आला की बाकीच्या बाया म्हणायच्या, हिचं आटोपलं, आपलं राह्यलंच. आज मात्र त्या आवाज न करता नुसत्या चोळत होत्या. चोळलं, पिळलं, नाकाशी नेलं, पुन्हा साबण लावला. बसायला नेलेलं जाडंभरडं चवाळंही बाजूला भिजत पडलं होतं.

मोनालीला उलगडायला क्षणभर लागला. आई, सरका, मी धुते, एवढंच म्हणायचं होतं. तिनं ते म्हटलं नाही. मांजरीच्या पावलानं परत आली, प्रेरणाच्या अंगाला अंग लावून आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले. घंटाभरानं सासूबाई चहा घेऊन आल्या. थकली असशील, झोप झाली का नीट, असं त्यांनी विचारलं. मोनाली म्हणाली, हो आई, एकदम गाढ.

अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला आदल्याच रात्री मिळालं होतं.

नाटक झालं होतं कापसाच्या जुन्या जिनात. गावात नाट्यगृह म्हणून जे काही होतं ते एवढंच. एके काळी तिथं सरकी काढलेला कापूस ठेवायचे. जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, गोदाम उरलं. एका टोकाला ओटा बांधून त्यावर पडदा लावला, की झालं थिएटर. वर टिनाचं छत. पावसात संवाद ऐकू येत नाहीत आणि उन्हाळ्यात माणूस शिजून निघतो. मधोमध लोखंडी खांब. खांबामागं ज्याची जागा येईल त्याला अर्धाच नायक दिसायचा. माणसं मागं खुर्च्यांवर, बाया आणि पोरं पुढं डाव्या हाताला सतरंजीवर. बाया दुपारीच येऊन आपापली चवाळी टाकून जागा धरून जायच्या. टाकलेलं चवाळं कोणी हलवत नसे, इतका त्या गावात नाटकाचा मान होता.

आणि नाटक असलं की बायांचा उपास असायचा. अन्नाचा नाही, पाण्याचा. दुपारचं जेवण झालं की पाण्याला हात लावायचा नाही. कारण जिनात संडास नव्हता. माणसं मागच्या भिंतीशी जात. बाया पूर्वी रस्त्यापलीकडच्या तुरीच्या वावरात जायच्या. पण त्या वावराचे प्लॉट पडले, घरं उठली, खांबाखांबाला दिवे लागले, आणि गावाची सुधारणा झाली तशी बायांची आडोशाची जागा गेली. मग हा उपास. शेजारच्या रुपीबाई राठोड म्हणायच्या, "एकादशीले पाणी तरी चालते वो. ह्या उपासाले थेंबई चालत नाई." बाया हसायच्या. चहा कोणी पुढं केला की तळहात आडवा धरून सांगायच्या, नको, आज नाटक हाये.

सत्यभामाबाईंनी हा उपास कधी चुकवला नव्हता. त्यांचे वडील जलशात ढोलकी वाजवायचे. धम्मदीक्षेनंतरच्या त्या वर्षांत बैलगाडीत बसून गावोगाव हिंडायचे, आणि ही पोरगी ढोलकीच्या शेजारी झोपून मोठी झालेली. आंगणवाडीत मदतनीस म्हणून नोकरी केली, नवरा गेला, एकुलत्या संघदीपला वाढवलं. नाटक मात्र सुटलं नाही. मोनाली सून होऊन आली आणि कॉलेजात नाटकात काम करायची हे कळलं, तेव्हा त्यांनीच तिला नाट्य मंडळात नेऊन उभं केलं. सून ओट्यावर नाचवते म्हणून कोणी टोमणा मारला तर त्या म्हणायच्या, "नाचत नाई, बोलते. तुमच्यासारखी दारामागून नाई, समोरून बोलते." प्रेरणा अंगावर पीत होती तेव्हा तालमीच्या खोलीबाहेर तिला मांडीवर घेऊन त्या बसायच्या. पोरगी रडली की पडदा जरासा सारून आत द्यायच्या, पिऊन झालं की परत घ्यायच्या. संघदीप यवतमाळला लोहाऱ्याच्या कारखान्यात, शनिवारी रात्री घरी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. सासू पाठीशी नसती तर मोनालीच्या तोंडाला रंग लागलाच नसता.

आता त्यांना साखर झाली होती. साखरेच्या माणसाला पाण्याचा उपास करून भागत नाही.

जिल्ह्यावरून साहेब लोक जागेची पाहणी करायला येणार असं ठरलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष रामराव सर मोनालीकडे आले. सर निवृत्त शिक्षक. नव्या नाट्यगृहासाठी अर्ज करून करून त्यांचं डोकं पांढरं झालं होतं. आजवर त्यांनी कलावंतांची बाजू मांडली होती, रंगमंचाची खोली, मेकअपची खोली, आवाज घुमतो ते. कोणी हललं नव्हतं. या वेळी प्रेक्षकांबद्दल बोलू, असं त्यांच्या मनात आलं. प्रेक्षक काय सोसतात हे आजवर कोणी मांडलंच नाही, म्हणाले. आणि बाईनं बोललेलं बरं. "आकडेबिकडे नको, मोनाली. काळजाले लागन असं बोल. तुले येते ते."

मोनालीला येत होतं. प्रेरणा झोपल्यावर आणि शिकवणीची पोरं गेल्यावर, अशा चोरलेल्या वेळात तिनं भाषण जुळवलं. टिनाचं छत आलं, खांब आला, उपास आला. बाया हसतात तो विनोदही आला. पण शेवट जमेना. हसू येऊन थांबत होतं. काळजाला काही लागत नव्हतं. मग एका दुपारी, भांडी घासता घासता, तो शेवट तिच्यापुढं येऊन उभा राहिला. मोतिया पातळाचा.

नाही म्हणाली ती आधी. नंतर म्हणाली, नाव घ्यायचंच नाही, मग काय? आणि हे बायांसाठीच आहे. आईंसाठीच आहे.

पण भांडी घासताना आणखीही एक आठवलं होतं. पातळाच्या त्या रात्रीआधीच्या वर्षीचं नाटक. मोनालीचा सगळ्यात मोठा प्रवेश, अख्खं जीन श्वास रोखून बसलेलं, आणि नेमक्या त्याच वेळी सत्यभामाबाई उठल्या. उघडं असलेलं एकच दार ओट्याला लागून. त्या वाकून, पदर सावरत पुढून निघाल्या आणि खाली लावलेल्या दिव्यापुढून जाताना त्यांची सावली मोनालीच्या तोंडावरून सरकत गेली. मागून कोणी शिट्टी वाजवली. लोक हसले. प्रवेश पडला. घरी आल्यावर, तोंडाचा रंगही पुसला नव्हता तेव्हा, मोनाली सासूला म्हणाली होती, "मधातच उठायचं असन ना आई, तं नाटकाले येऊच नका." सत्यभामाबाई फक्त बरं म्हणाल्या होत्या. त्या घरात त्याआधी कोणी कोणाला असं बोललं नव्हतं आणि त्यानंतर त्याचा उल्लेखही कोणी केला नव्हता.

हे भाषणात येणं शक्यच नव्हतं. मोनालीनं ताटं पालथी घातली आणि तेवढं सोडून बाकीचं पाठ केलं.

पाहणीच्या दिवशी सत्यभामाबाई गावात नव्हत्या. मारेगावला बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून प्रेरणाला बरोबर न्यावं लागलं. पोरगी पहिल्या रांगेत सरांच्या बायकोजवळ बसली, बिस्किटाचा पुडा घेऊन. मोनाली उभी राहिली. छतावर लोक हसले, खांबावर आणखी हसले, उपासावर तर साहेबही हसले. मग तिनं आवाज खाली घेतला.

अशीच एक आजी, म्हणाली ती. नाटकाची वेडी. अंगात साखर. सून ओट्यावर काम करते आणि आजी समोर सतरंजीवर बसलेली. दुपारपासून घोटभर पाणी नाही, तरी अंग काही ऐकत नाही. उठून जावं तर जायचं कुठं? आजी उठली नाही. नाटक संपलं, टाळ्या झाल्या, सगळे उभे राहिले. आजी बसूनच. गर्दी पांगल्यावर चवाळं अंगाभोवती गुंडाळून एकटी घरी गेली आणि पहाटे, घरातल्यांना कळू नये म्हणून, अंधारात आपलं पातळ धूत बसली.

इथं मोनाली थांबली. थांबा किती ठेवायचा हे तिला उपजत कळायचं. जिनात टाचणी पडली तर ऐकू आली असती. एका साहेबांनी चष्मा काढून पुसला. आणि त्या शांततेत, हे तिला पुढं कितीही पुसलं तरी पुसता आलं नाही, तिला बरं वाटलं. ओट्यावर वाटायचं तसंच. सगळं सभागृह मुठीत आल्यासारखं. ती एक क्षण जास्तच थांबली. मग म्हणाली, आम्हाला मखमली खुर्च्या नको, साहेब. आमच्या आज्यांना उठता येईल असं थिएटर द्या.

टाळ्या थांबेचनात. प्रेरणाही बिस्किट तोंडात धरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर ते फिरलं, "एका आजीची व्यथा" असं वर लिहून. मोनालीला अनोळखी नंबरवरून नमस्कार यायला लागले. लोहाऱ्याहून संघदीपचा फोन आला. आधी तो कौतुकानं बोलला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, हे खरं हाये का? मोनाली म्हणाली, भाषणात थोडं वाढवावं लागते. तो बरं म्हणाला. आईसारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीबाई दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"नाव घेतलं नाई तू, ते चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पण मले सांग, ह्या गावात नाटकात काम करणारी सून हाये किती?"

मोनाली मनात मोजायला गेली.

"एकच हाये ना वो माय. मंग नाव घ्यायचं राह्यलं काय? मी बाजूले बसलती तिच्या. मले वास आला होता. मी माह्या सख्ख्या पोरीजवळ बोलली नाई."

त्या गेल्यावर मोनाली उंबऱ्यातच बसून राहिली. इतकी साधी गोष्ट. रात्ररात्र जागून तिनं शब्दन् शब्द तासला होता. नाव काढलं, गल्ली काढली, वय काढलं. आणि सून ओट्यावर होती हे मात्र ठेवलं, कारण त्याशिवाय गोष्टीला धार येत नव्हती. लपवायला गेली आणि आपल्याच हातानं बोट दाखवून आली.

सत्यभामाबाई मारेगावहून एसटीनं आल्या. एसटीत गावातल्याच दोघी होत्या. ह्यांना पाहून बोलायच्या थांबल्या. एकीनं उठून खिडकीची जागा दिली आणि फार मायेनं विचारलं, आता बरं हाये ना, बाई? कशाबद्दल विचारते ते त्यांना समजेना. स्टँडवर पानठेल्यावाल्यानं नमस्कार केला, जो एरवी करत नसे. घरी आल्या, पिशवी ठेवली, बहिणीनं दिलेले बोराचे पुडे प्रेरणाच्या हातात दिले आणि मोनालीला म्हणाल्या, "काय फिरून राह्यलं मोबाइलवर? लाव. मले पाहू दे."

मोनालीनं आढेवेढे घेतले. नेट नाही म्हणाली. सासूबाईंनी हात पुढं केला तो तसाच धरून ठेवला. शेवटी लावून द्यावं लागलं.

त्यांनी तो मोबाइल हातभर लांब धरून, चष्मा सारखा करून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. नाटक पाहायच्या तशाच. मान किंचित तिरपी, तोंड मिटलेलं. उपासाच्या विनोदाला ओठ हललेही. पुढचं आलं तेव्हा मात्र चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटलं नाही. मोनाली भिंतीला टेकून उभी होती. टाळ्या वाजल्या, संपलं, पडदा काळा झाला. सत्यभामाबाईंनी मोबाइल पालथा घातला.

"चांगली बोलली," त्या म्हणाल्या. "थांबली जिथी, तिथी बराबर थांबली."

मोनालीला वाटलं, जमिनीनं आता पोटात घ्यावं.

"पण मोनाली," पातळाची निरी सारखी करत त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा, "संडास असता तरी मी उठली नसती."

एवढंच. तू म्हटलं होतं, असंसुद्धा त्या म्हणाल्या नाहीत. आई, माझं चुकलं, हे शब्द मोनालीच्या जिभेवर आले. पण तेवढ्यात प्रेरणा बोराची बी नाकात घालते की काय असं करायला लागली, दोघी तिच्याकडे धावल्या, आणि तो क्षण हातचा गेला. नंतर पुष्कळ वेळा आला. स्वयंपाक करताना, पोरीची वेणी घालताना, गहू निवडताना. प्रत्येक वेळी मोनालीला वाटायचं, आता काढलं तर पुन्हा तेच पातळ दोघींच्या मध्ये आणून ठेवल्यासारखं होईल. आणि खरं सांगायचं तर, भीतीही वाटायची.

सत्यभामाबाई वागायला होत्या तशाच होत्या. पोरीला न्हाऊ घालायच्या, मोनाली तालमीला निघाली की जेवून जा म्हणायच्या. फक्त नाटकाला जाणं त्यांनी बंद केलं. दिवाळीनंतर मंडळाचं नवं नाटक लागलं. मंडळानं या खेपेला फिरता संडास भाड्यानं आणून मागच्या अंगाला उभा केला होता. बाया रांग लावून बघायला गेल्या, पाणी पिऊन आल्या. सत्यभामाबाई म्हणाल्या, गुडघा दुखते, तुम्ही जा. मोनाली ओट्यावर आली आणि सवयीनं तिची नजर डाव्या हाताच्या सतरंजीवर गेली. रुपीबाईंनी आपल्या बाजूची जागा कोणाला बसू दिली नव्हती. तेवढा चौकोन मोकळा. मोनालीनं आपली वाक्यं म्हटली, एकही चुकलं नाही, टाळ्याही आल्या. पण त्या नाटकात कोणी मधेच उठलं की ती मनात म्हणायची, जा, बाई, जा, आरामात जा.

नव्या नाट्यगृहाला मंजुरी मिळाली. भूमिपूजनाचा दिवस ठरला, मोठे पाहुणे येणार, मंडप पडला. रामराव सर आनंदानं लहान पोरासारखे झाले होते. ते घरी आले, सत्यभामाबाईंच्या पाया पडायलाच निघाले होते. त्यांनी पाय मागं घेतले. सर म्हणाले, मोनाली, तोच किस्सा पुन्हा सांगायचा, पाहुण्यांनी मुद्दाम सांगितलं आहे. त्याच्यावरच तर उभं राहून राह्यलं हे थिएटर. मोनालीनं सासूकडे पाहिलं. त्या सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत होत्या.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "आता कोणाले माहीत व्हायचं राह्यलं?"

रात्रभर मोनालीनं दोन भाषणं मनात केली. एकात ती सगळं सांगत होती. आजी उठली नाही ती संडास नव्हता म्हणून नाही, सून तोडून बोलली होती म्हणून. आणि ती सून मी. दुसऱ्यात ती काहीच सांगत नव्हती. पहिल्यानं तिची छाती हलकी झाली असती. पण त्यासाठी मंडपभर माणसांपुढं ते पातळ तिला पुन्हा एकदा पसरावं लागणार होतं. दुसऱ्यात ती झाकली जात होती. कुठूनही धरलं तरी शरम तिच्याच पदरात पडत होती, आणि पडावी हेच बरोबर होतं.

मंडपात नव्या इमारतीचा मोठा नकाशा टांगला होता. मोनाली प्रेरणाचं बोट धरून त्याच्यापुढं उभी राहिली. उतरत्या पायऱ्यांवर खुर्च्या, खांब कुठंच नाही, छताखाली दुसरं छत. फार देखणं. मग तिनं बायांचा संडास शोधला. तो ओट्याच्या उजव्या अंगाला होता आणि त्याचं दार पहिल्या रांगेपुढं उघडत होतं. उठलेल्या बाईला सगळ्यांच्या समोरून, दिव्यापुढून जावं लागणार होतं.

तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि नकाशाबद्दल बोलली. संडास मागच्या दाराजवळ न्या, म्हणाली. दोन रांगांत जागा इतकी ठेवा, की निघणारीला कोणाच्या गुडघ्यांना सरका म्हणावं लागू नये. मागच्या दाराजवळच्या खुर्च्या म्हाताऱ्या माणसांना द्या. नाटक चालू असताना उठणारं माणूस नाटकाचा अपमान करत नसते, असं बोलताना तिचा आवाज फाटला. पण कोणाला वाटलं माइक खराब आहे. लोक चुळबुळायला लागले. रामराव सर मागून हळूच म्हणाले, तो किस्सा, मोनाली, किस्सा. ती माइकपासून तोंड वळवून म्हणाली, "सर, तो किस्सा माह्या बापाचा नव्हता. मी उचलून आणला होता."

आणि खाली आली. टाळ्या पडल्या त्या चार. पण नकाशा काढणारा माणूस तिच्यामागं आला, दार मागं नेता येईल, एक भिंत सरकवावी लागेल म्हणाला, आणि खिशातल्या पेननं नकाशावर तिथल्या तिथं फुली मारली. मोनालीला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीही लाज वाटली.

घरी आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. सत्यभामाबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. हिरवे दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. मोनाली हातपाय धुऊन समोर बसली आणि शेंगा सोलायला लागली. सासूबाईंनी विचारलं, मंडप केवढा होता, कोण कोण आलं, खायला काय ठेवलं होतं. मोनाली सांगत गेली. संडासाचं दार मागं नेणार आहेत हेही सांगितलं. त्या हूं म्हणाल्या.

"बांधून झालं की तुम्ही याल ना, आई?"

"पाहू," त्या म्हणाल्या. शेंग फोडली, दाणे अंगठ्यानं सुपात ढकलले. "गुडघा काय म्हणते त्यावर."

मोनालीनं श्वास घेतला. आता. आत्ताच. "आई, मी त्या साली तुम्हाले जे..."

"आजी, तुले माहीत हाये का," प्रेरणा मधेच येऊन आजीच्या गळ्यात पडली, "आईनं आज गोष्टच नाई सांगतली. म्हणून कोणी टाळ्या नाई वाजवल्या. त्या दिवशी तं केवढ्या वाजवलत्या."

"प्रेरणा, जा, हात धू," मोनाली म्हणाली.

सत्यभामाबाईंनी नातीला ओढून मांडीवर घेतलं. "कोणती वो गोष्ट? मी नव्हती ना त्या दिवशी. सांग बरं मले."

प्रेरणा खुशीत आली. हात हलवत, आईसारखा आवाज चढवत-उतरवत सांगायला लागली. एक आजी राहते. तिले नाटक लय आवडते. सत्यभामाबाई शेंगा सोलत म्हणाल्या, हूं. तिची सून असते नाटकात. हूं. मंग आजीले लागते जोरात, पण ती जातच नाई. हूं. मंग तिचं पातळ ओलं होते. मंग ती घरी येते अन अंधारात एकटीच धूत बसते, कोणालेच उठवत नाई. हूं, म्हणाल्या सत्यभामाबाई. गोष्ट ऐकताना द्यावा तसा त्यांचा हुंकार जागच्या जागी पडत होता, एकही चुकत नव्हता. मोनालीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

पोरगी थांबली. पुढचं आठवायचा प्रयत्न केला, पण पुढचं तिनं ऐकलेलंच नव्हतं. मग आजीच्या मांडीवरूनच मान वळवून तिनं आईकडे पाहिलं.

"आई, मंग तिच्या सुनेनं काय केलं?"